खिडकीपलीकडचा हरभरा

एका कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, खिडकीपाशी मांडलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये एक घाटेअळी राहत असे. मुलांनो, घाटेअळी म्हणजे हरभऱ्याचे घाटे पोखरून शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळवणारी अळी. इथे मात्र तिचे लाडच लाड! तिचा अभ्यास करायचा म्हणून तिथल्या ताई हरभऱ्याचे पीठ, यीस्ट आणि जीवनसत्त्वे एकत्र करून वडी थापत आणि प्रत्येकीच्या कप्प्यात एकेक तुकडा ठेवत. कप्पेही वेगवेगळे, कारण या अळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींनाच खातात. असला तो शेजारधर्म!

आपली ही अळी शेतातून धरून आणलेली होती. वडी खाताना तिला शेत आठवे. "काय दिवस होते ग ते!" ती शेजारच्या कप्प्यातल्या धाकटीला सांगे. "पहाटे हरभऱ्याच्या पानापानांवर दवासारखी आंब असायची. आंबट, झिणझिण्या आणणारी! घाट्याला भोक पाडून डोकं आत घातलं, की समोर कोवळा दाणा." धाकटी प्रयोगशाळेतच जन्मलेली, तिने हिरवे पान कधी पाहिलेसुद्धा नव्हते. ती वडी टाकून ऐकत बसे. शेतात अळ्या टिपणारा कोतवाल पक्षीही असतो, हे मोठीला पक्के ठाऊक होते. पण त्याचे नाव काढले की आठवणींची सगळी मजा जाई, म्हणून ती त्याला हळूच गाळून टाकी.

एके दिवशी धाकटीच्या कप्प्याचे झाकण नीट बसले नाही. "मावशी, मी चालले शेतात!" ती म्हणाली. उघड्या खिडकीला लागूनच बाहेर हरभऱ्याचा वाफा होता. मोठीला भरून आले. "जा ग बाई, जा. माझ्या वाटचा एक घाटा खा."

भर दुपारी धाकटी एका झाडाच्या शेंड्यावर पोहोचली. पान चावून ती आनंदाने ओरडली, "मावशी, अगदी तू म्हणालीस तस्संच आहे ग!" इतक्यात तिच्यावर सावली पडली. शेतातली अळी असती तर झटकन घाट्यात शिरली असती. पण प्रयोगशाळेत डोक्यावर सावली पडली की ताई खाऊ घेऊन आल्या, एवढेच बिचारीला माहीत. तिने हसून मान वर केली. "पळ ग, पळ!" मोठी किंचाळेपर्यंत कोतवालाने तिला उचललेसुद्धा.

मोठीने त्या दिवशी वडीला तोंड लावले नाही. पुढे रिकाम्या कप्प्यात नवी इवलीशी अळी आली आणि विचारू लागली, "मावशी, शेत कसं असतं?"

"फार सुंदर असतं, बाळा," मोठी म्हणाली. "पण आधी कोतवालाचं ऐक."

तात्पर्य : गेलेले दिवस कितीही गोड वाटले, तरी धाकट्यांना ते सांगताना त्यांतले भय गाळू नये.