दोन नावाडी आणि एक नदी

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नदीवर पूल बांधता येतो हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी मनाशी धरावी अशी ही गोष्ट आहे.

एका नदीच्या काठी दोन गावं होती. एक वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला. मधे तीन कोसांचं पाणी. खालच्या गावात गोमा नावाडी राही, वरच्या गावात धाकू नावाडी. दोघंही अंगाने दणकट, दोघांच्याही होड्या सागवानी.

रोज उजाडलं की गोमा माणसं घेऊन वर निघे आणि धाकू माणसं घेऊन खाली येई. वाटेत दोघांची गाठ पडे. गोमा प्रवाहाशी झुंजत असे. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरलेला. धाकूची होडी मात्र पाण्यावरून सरसरत येई. वल्ही नुसती टेकवलेली, माणसं हसत-बोलत बसलेली.

"राम राम, गोमादादा!" धाकू हाक मारी.

गोमा उत्तर देईपर्यंत धाकू लांब गेलेला असे.

ही हाक गोमाला सुरीसारखी लागे. त्यात त्याच्याच गावची माणसं काठावर बोलत, "धाकूच्या होडीत बसलं की पोचलंच म्हणून समजा. आपला गोमा म्हणजे अर्धा दिवस!"

आता खरं सांगायचं तर दुपारी परतताना सगळं उलटं होई. गोमाची होडी सुसाट खाली येई. तेव्हा तो आपल्याच दंडांकडे पाही आणि म्हणे, "याला म्हणतात जोर!" समोरून धाकू धापा टाकत वर जाताना दिसे. तेव्हा गोमा मनात म्हणे, 'मुद्दाम हळू चालवतोय. मला खिजवायला.'

घरी आला की तो भाकरीचं ताट बाजूला सारी. त्याची बायको येसू म्हणाली, "अहो, आपलं काय वाईट चाललंय? पोटभर मिळतंय की."

"तुला नाही कळायचं," गोमा म्हणाला. "त्याच्या होडीत काहीतरी आहे. त्याचं लाकूडच वेगळं असणार."

एके दिवशी त्याने धाकूला काठावर गाठलं. "धाकू, आपण होड्या बदलू. वल्ह्यांसकट."

धाकूची होडी त्याच्या बापाने स्वतःच्या हातांनी घडवली होती. त्याने तिच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "दादा, तुमच्या मनाला तेवढ्याने बरं वाटत असेल, तर न्या."

दुसऱ्या दिवशी गोमा मोठ्या ऐटीत धाकूच्या होडीत बसून वर निघाला. पण पाणी तेच, घाम तोच. आणि अर्ध्या वाटेत समोरून धाकू आला, सरसरत, हसत, गोमाच्याच जुन्या होडीतून!

"राम राम, गोमादादा!"

गोमाच्या अंगाचा तिळपापड झाला. जिने आपल्याला कधी साथ दिली नाही, ती होडी धाकूच्या हाताखाली कशी पळते? त्या रागात त्याला दुसरं काही सुचेना. पुढच्या दिवशी "अंगात कसर आहे" असं सांगून तो घरीच राहिला. धाकू खाली आला, होडी बांधून बाजारात गेला. गोमाने कुऱ्हाड उचलली, घाटावर गेला आणि भरदिवसा, धुणं धुणाऱ्या बायकांच्या देखत, त्या होडीचा तळ फोडला.

वर जाणारी माणसं अडकली. त्यांत एक बाई होती. तापाने फणफणलेलं लेकरू कडेवर घेऊन ती वरच्या गावच्या वैद्याकडे निघाली होती. धाकू धावत आला. त्याने फुटका तळ पाहिला आणि गोमाकडे पाहिलं. बदलीत गोमाकडे गेलेली बापाची होडी तिथेच बांधलेली होती. ती सोडून त्याने त्या बाईला बसवलं आणि वल्ही मारायला सुरुवात केली.

गोमा काठावरून बघत होता. धाकू जीव खाऊन वल्हवत होता, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, आणि होडी मात्र इंचाइंचाने सरकत होती. आज 'मुद्दाम' म्हणायला गोमाची जीभ रेटेना.

लेकरू वाचलं. पण दुसऱ्या दिवशी पंच बसले. पंचांमध्ये खालच्या गावचे पंतोजी होते. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच गणित शिकवलेलं.

"होडी का फोडलीस?" त्यांनी विचारलं.

"पंतोजी, हा चेटूक करतो. प्रहरात सहा कोस जातो. मी मरमर मरतो तरी दोनच कोस!"

पंतोजींनी वाळूत बोट टेकवलं. "सहा कोस जातो म्हणतोस. त्यातले होडीचे किती आणि नदीचे किती?"

गोमा गोंधळला. "म्हणजे?"

"होडी पाच आणि नदी एक, तरी सहाच. होडी तीन, नदी तीन, तरीही सहाच. न कळलेल्या गोष्टी दोन असल्या की एका वाक्यावरून हवं ते उत्तर काढता येतं. तुला जे टोचतं ते तू काढलंस. आता दुसरं वाक्य हवं. धाकू, वर जाताना प्रहरात किती जातोस?"

"दोन कोस, पंतोजी."

"काल मी त्याच होडीत होते," ती लेकुरवाळी बाई मागून म्हणाली. "दोनच."

पंतोजींनी वाळूत एकाखाली एक मांडलं. "होडीत नदी मिळवली की सहा. होडीतून नदी वजा केली की दोन. आता दोन्ही वाक्यांची बेरीज कर. एकीकडे नदी मिळवलीय, दुसरीकडे वजा केलीय, म्हणून ती निघून जाते. उरतात दोन होड्या, बरोबर आठ. मग एक होडी?"

"चार," गोमा पुटपुटला.

"आणि नदी?"

"दोन."

"आता तुझं सांग. वर जाताना दोन कोस. खाली येताना?"

गोमाने वाळूतल्या दोनावर बोट ठेवलं, मग ते सहावर नेलं.

"सहा," तो अखेर म्हणाला. पुढची बेरीज करायची गरज कुणालाच पडली नाही.

पंचांनी निवाडा दिला: धाकूची होडी धाकूला परत. गोमाची स्वतःची होडी, धाकूच्या होडीइतकीच चांगली, घाटावर फुटून पडली होती; तिची भरपाई मागायला त्याला दुसरं कुणी नव्हतं. नावाडी असून तो बिनहोडीचा झाला. आणि कुऱ्हाड पाहिलेल्या बायकांनी ठरवलं, उद्या याने नवी होडी आणली तरी पोराबाळांना घेऊन तिच्यात पाय ठेवायचा नाही.

काही दिवस गोमा घाटावर नुसता बसून राही. एका दुपारी धाकू परत निघाला, पण त्याने दोर सोडला नाही.

"दादा, उजवं वल्हं घेता का? एकट्याला जड जातं."

गोमा मान खाली घालून होडीत चढला. दोघं प्रवाहाविरुद्ध निघाले. इतकी वर्षं रोज समोरून जाणाऱ्या माणसाची धाप त्याने पहिल्यांदा जवळून ऐकली. ती अगदी त्याच्या स्वतःच्या धापेसारखी होती.

बोध: दुसऱ्याची उतरणीची फेरी आपल्या चढणीच्या फेरीशी ताडून पाहणारा स्वतःचीच होडी फोडतो, म्हणून दोन्ही फेऱ्या मांडल्याशिवाय कुणाच्या सुखाचं उत्तर काढू नये.