अण्णासाहेबांची अदलाबदल

उदय बास्केटबॉल क्लबात एक नियम होता. ज्येष्ठांनी ठरवलं की खेळाडूंनी ‘का’ विचारायचं नाही. पडलेला संघ पुन्हा उभा करणाऱ्या कर्णधार शलाकाला तो पहिल्याच दिवशी ऐकवला होता.

आता चिटणीसकाकांना शेजारी बसवून अध्यक्ष अण्णासाहेबांनी तिच्यापुढे कागद सरकवला. प्रताप क्लबाची एकेकाळची महाराणी, अडतीस वर्षांची वीणा तुळपुळे, उदयकडे येणार. बदल्यात शलाकानं तीन वर्षं घडवलेल्या यास्मिन आणि कावेरी तिकडे जाणार. कर्णधाराची सही तेवढी राहिली होती.

“वीणाताईंचे दोन्ही गुडघे गेलेत, अण्णा.”

“नाव बघ गं, गुडघे कसले बघतेस! एवढ्या मोठ्या नावापुढे दोन पोरी म्हणजे किस झाडका पत्ता!”

शलाकानं कोऱ्या कागदावर भराभर चार ओळी खरडल्या. “मग आधी यावर सही करा. प्रतापचे संस्थापक दादासाहेब आपले अध्यक्ष होतील. केवढं नाव! बदल्यात तुम्ही आणि चिटणीसकाका तिकडे.”

“अगं, नव्वदीचा माणूस तो! त्यांना खुर्चीतून उठवतसुद्धा नाही!”

“अध्यक्षांना बसायचंच असतं, अण्णा. वीणाताईंना धावायचंय. मी सही करणार नाही.”

चिटणीसकाका चष्मा पुसू लागले. अण्णासाहेबांनी दोन्ही कागद आपल्याकडे ओढून घेतले.