चौथी पुरचुंडी

“मग देशाच्या टोकाचा शेवटचा दगड आहे तरी कुठे?” केदारबुवांनी तिसऱ्यांदा विचारलं.

दाऊदबाबांनी समोरच्या फेसाकडे बोट केलं.

देशाच्या अगदी दक्षिणेच्या त्या बेटावर बाबा दीपगृहाच्या नोकरीसाठी रत्नागिरीकडून आले आणि नोकरी संपल्यावरही तिथेच राहिले. लोक त्यांना फकीर म्हणत. तेही नाही म्हणत नसत.

“पाण्याखाली आहे. संध्याकाळी ओहोटीला दिसेल.”

“पण बोट तर आत्ता सुटतेय!”

“पुढची पंधरा दिवसांनी.”

बुवा अनवाणी येरझारा घालू लागले. टोकाचा मान म्हणून चपला त्यांनी लांब काढून ठेवल्या होत्या. कमरेला देशाच्या बाकीच्या तीन टोकांच्या मातीच्या तीन पुरचुंड्या होत्या. अकरा वर्षं हा माणूस चालत होता आणि एका जागी बसणं पार विसरून गेला होता. खिशात धाकट्या भावाचं पत्र होतं; ते त्यांनी बाबांना वाचून दाखवलं होतं. ‘दादा, ये. आता फार दिवस नाहीत.’

“भाऊ अंथरुणावर, आणि तू इथे?”

“त्यानेच घालवलं मला, बाबा! माझा बांध वीतभर कोरला त्याने. तेव्हाच शपथ घेतली. चारी टोकांची माती त्याच्यापुढे ओतीन आणि म्हणेन, घे, अख्खा देश घे! त्याशिवाय त्याचं तोंड बघणार नाही.”

“मग इथलीच घे की मूठभर.”

“ही टोकाची नव्हे. लबाडी होईल.”

“टोक इथून किती लांब?”

बुवांनी आपटणाऱ्या लाटांकडे पाहिलं. “असेल… दोन हात.”

“भावाने वीतच घेतली होती ना?”

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. ते दोन पावलं तिकडे गेले, पुन्हा पाण्याकडे वळले.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. बुवांच्या चपला उचलून आणल्या आणि धक्क्याकडे तोंड करून त्यांच्या पायांशी मांडल्या.

बुवांना रडू फुटलं. त्यांनी चपला घातल्या, चार पावलं गेले आणि थबकले.

“बाबा… मग चौथं टोक?”

“भावाच्या उशाशी बस. तिथून पुढे जमीन नाही.”