नकलेचा दोरा

नदीपलीकडच्या एका मठात एकदा एक वृद्ध आचार्य पोथ्यांचे भांडार सांभाळत असत. त्यांची एक रीत होती. जी पोथी ओळीने ओळ वाचून तपासली, तिच्या बासनाच्या कापडाला ते पिवळा दोरा बांधत. कोणी उपाय विचारायला आले, की दोरा असलेलीच पोथी त्याच्या हाती पडे.

डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी विषयवार सूची करण्याचे काम शिष्यावर सोपवले. शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसाची घाईही त्याच्यापाशी होती. मूळ पोथीला दोरा असेल तर तिच्या सर्व नकलांनाही तो बांधावा, असे त्याने परस्पर ठरवले. नकला शेकडो होत्या. एकेक तपासत बसायचे तर तारुण्य तिथेच सरले असते. शिवाय कित्येक नकला त्याच्याच हातच्या, मोत्यासारख्या अक्षरांतल्या होत्या.

एके दिवशी एक व्यापारी धापा टाकत आला. त्याचा एकुलता मुलगा तापाने फणफणला होता आणि गावात वैद्य नव्हता. "महाराज, मला वाचता येतं. उपाय तेवढा द्या. होडी थांबवून ठेवलीय."

शिष्याने सूची पाहून ज्वरावरची आपलीच नक्कल काढून दिली. व्यापाऱ्याने ती छातीशी धरली. आचार्यांनी जाता जाता तिच्यावरून हात फिरवला आणि ते थबकले.

"हा कागद नवा आहे. याला दोरा मी कधी बांधला?"

"मूळ पोथीला आहे ना, गुरुजी. म्हणून हिलाही बांधला."

आचार्यांनी नक्कल काढून घेतली आणि होडीवाल्याला निघून जाण्याचा निरोप धाडला. व्यापारी रडू लागला. गुरूंचा हा निष्ठुरपणा शिष्याला कळेना, आणि खरे सांगायचे तर रागही आला.

"शेटजी, नक्कल तुम्ही धरा," आचार्य म्हणाले. "आणि तू मूळ पोथी मोठ्यानं वाच."

शिष्य वाचू लागला. बचनाग गोमूत्रात भिजवून शुद्ध करावा, ही ओळ आली तसा व्यापारी दचकला. "इथं ही ओळ नाहीच! नुसता कुटून मधातून द्यावा, एवढंच आहे."

शुद्ध न केलेला बचनाग म्हणजे जहर. शिष्याने नक्कल हाती घेऊन ती जागा स्वतः पाहिली.

आचार्य शांतपणे म्हणाले, "अरे, घराण्याचं नाव लेकराला आपोआप लागतं. पण बाप जेवला म्हणून मुलाचं पोट भरत नाही. दोरा म्हणजे साक्ष. जे पाहिलं, तेवढ्याचीच ती देता येते. नकला सूचीत राहू देत, पण दोरा जिचा तिनं मिळवावा."

योग्य उपाय उतरून घेऊन व्यापारी पुढच्या होडीने गेला. मुलगा वाचल्याचा निरोप आला, तोवर शिष्याने नकलांचे सगळे दोरे सोडले होते. आपल्या नकलेत गळलेली ओळही त्याने भरली होती.

"आता हिला बांधू, गुरुजी?"

"तपासली कोणी?"

"मीच."

"मग नको. लिहिणाऱ्याचा डोळा त्याच जागी पुन्हा घसरतो."

पुढे आचार्य गेले. येणारे जाणारे शिष्याला म्हणत, "एवढ्या थोर गुरूंचे शिष्य तुम्ही, तुम्हाला विचारायचं काय!" तेव्हा तो हात जोडून म्हणे, "दोरा त्यांचा होता. मला तुम्ही तपासूनच घ्या."