आक्काची वाटी

भांडी बोलत आणि माणसं ऐकत, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात रीत होती, शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. निदान चिमूटभर मीठ तरी घालायचं.

एका दुष्काळात मथुराक्काच्या घरची पितळी वाटी पीठ घेऊन शेजारच्या गोदूकडे गेली. पीठ संपलं. वाटीत घालायला गोदूच्या घरात मीठही उरलं नव्हतं, म्हणून वाटी तिच्या फळीवरच राहिली. आणि ती परत केल्याशिवाय पुन्हा मागायचं कोणत्या तोंडानं?

इकडे मथुराक्काच्या फडताळातला पिठाचा डबा म्हणाला, "एकदा दिलं की. मागेल तेव्हा बघू."

"तुझं पोट भरलंय म्हणून बोलतोस!" परात कडाडली. "दोन दिवस तिच्या घरातून धूर निघाला नाही. प्रत्येक डबा असंच म्हणाला, तर गावानं डबे ठेवायचे कशाला?"

मथुराक्कानं ते ऐकलं. तिनं परात पिठानं भरली, पदराखाली झाकली आणि भर उन्हात गोदूचं दार गाठलं. "माझी वाटी न्यायला आले गं."

गोदूची मान खाली गेली. "आक्का, तिच्यात घालायला काही नाही हो."

"पाणी आहे ना? तहानेनं जीव चाललाय माझा."

गोदूनं माठातलं पाणी वाटीत ओतलं. मथुराक्का घटाघटा प्यायली. "जिवात जीव आला बघ. फार उपकार झाले तुझे, गोदू."

तेव्हा कुठे गोदूनं मान वर केली. भरलेली परात तिथेच राहिली.

तेव्हापासून त्या गावात दिलेलं भांडं आणायला देणाराच जातो, आणि घरून पाणी न पिता निघतो.