मेणाचे दात

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एक सनईवाला राहत होता. त्याचं नाव सटवाजी. गावदेवीच्या देवळाच्या महाद्वारावर नगारखाना होता. तिथे बसून तो सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायचा, आणि अशी वाजवायचा की पाणवठ्यावरच्या बाया भरली घागर कमरेवर घेऊन ऐकत उभ्या राहायच्या. देवस्थानाने त्याला देवळामागचं घर राहायला दिलं होतं. अट एकच होती. नगारखान्यात वाजवणाऱ्यानेच त्या घरात राहायचं. वाजवणं सुटलं की घरही सुटलं.

जोडीला चौघडा वाजवायला म्हातारा लिंबाजी बसायचा. सटवाजीच्या लेखी चौघडा म्हणजे दोन टिपऱ्या घेऊन केलेली बडवाबडवी. तसं तो लिंबाजीच्या तोंडावर म्हणायचा आणि लिंबाजी नुसता हसायचा. सटवाजी माणूस वाईट नव्हता हो! पण सनई हातात आली की त्याला सगळं जग ठेंगणं दिसायचं.

एका पहाटे नगारखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याचा पाय घसरला. तो तोंडावर आपटला आणि वरचे पुढचे दोन दात पडले. सनई ओठांत धरायची तर ओठांना आतून दातांचा आधार लागतो. तो आधार गेला आणि सुराऐवजी नुसती हवा फुसफुसायला लागली. त्याची बायको कोंडाबाई म्हणाली, देवस्थानाच्या कारभाऱ्यांना जाऊन खरं काय ते सांगा, ते दुसरं काहीतरी काम देतील. सटवाजीने ते कानाआड केलं. सनई गेली तर आपल्याला विचारणार कोण, आणि घर गेलं तर बायकोला घेऊन जायचं कुठे?

मग या शहाण्याने काय करावं? मधाच्या पोळ्याचं मेण आणून त्याचे दोन दात वळले आणि हिरडीवर दाबून बसवले. पहाटेच्या गारव्यात ते पक्के राहिले. सूरही बऱ्यापैकी लागला. आपल्या अकलेवर सटवाजी बेहद्द खूश झाला. देवीची जत्रा चैत्रात असते आणि पालखी भर दुपारी निघते, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नाही.

या जत्रेचा एक रिवाज होता. नदीवर स्नान करून देवीची पालखी परत यायची. पेठेच्या तोंडाशी ती दिसली की नगारखान्यात वाजवायला सुरुवात करायची, ते पालखी महाद्वारातून आत येईपर्यंत थांबायचं नाही. मध्येच वाजवणं थांबलं तर पालखी तशीच माघारी फिरवून पुन्हा नदीवर न्यायची. आजवर अशी वेळ कधी आली नव्हती.

त्या वर्षी आली. ऊन रणरणत होतं. पालखी निम्म्या पेठेत असताना सटवाजीचे दात मऊ झाले आणि मेण सनईच्या तोंडाशी असलेल्या पत्तीत जाऊन बसलं. सनईतून कोंबडी दाबल्यासारखा आवाज निघाला आणि ती मुकी झाली. लिंबाजी गोंधळला. सनईच्या मागून जायची सवय, एकट्याने चौघडा चालवायचं त्याला सुचलंच नाही. सगळं शांत झालं. भोयांनी पालखी फिरवली. आणि वर बघतात तर सटवाजीच्या हनुवटीवर मेणाचा ओघळ! सगळी जत्रा हसली. सगळ्यांत मोठ्याने हसला तो शेजारच्या गावाहून आलेला तरणा सनईवाला हैबती. त्याने तर तोंड वेडंवाकडं करून सटवाजीची नक्कलही केली.

कारभाऱ्यांनी सनईचं काम हैबतीला दिलं. जुना माणूस म्हणून सटवाजीला पुढच्या जत्रेपर्यंत घरात राहू दिलं. सटवाजीने सनई गुंडाळून माळ्यावर टाकली आणि घराबाहेर पडणं सोडलं. कोणी आलंच तर पटक्याचा सुटा शेव तोंडावर धरायचा. कोंडाबाईने हळूहळू भांडी पोत्यात बांधायला घेतली. ते पाहून त्याला रडू यायचं, पण तेही तो शेवाआडच रडायचा.

एके दिवशी लिंबाजी आला. त्याची मनगटं आता धरायला लागली होती. चौघडा शीक आणि माझ्या जागी बस, असं त्याने सटवाजीला सांगितलं. सटवाजीला ते झोंबलं. इतकी वर्षं सनई वाजवून आता या वयात टिपऱ्या धरायच्या, त्याही हैबतीच्या बाजूला बसून? लिंबाजीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सटवाजी, दात पडले तुझे. हात कुठे पडलेत?"

सटवाजीला रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तो मुकाट्याने लिंबाजीच्या अंगणात जाऊन बसला. पहिल्यांदा टिपरी धरली ती उलटी. हात भरून यायचे, ठेका निसटायचा, म्हाताऱ्याची बोलणी खावी लागायची. ज्याला बडवाबडवी म्हणत होतो त्यात केवढं काय काय आहे, हे पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण तो उठून गेला नाही. पावसाळा सरला, थंडीही गेली, आणि लिंबाजीने आपल्या टिपऱ्या त्याच्या हातात दिल्या. कारभारी म्हणाले, जत्रेत बघू, मग घराचं ठरवू.

पुन्हा चैत्र आला. पेठेच्या तोंडाशी पालखी दिसली आणि हैबतीने जोरात सनई सुरू केली. सटवाजी चौघड्यावर होता, शेव तोंडावर घट्ट बांधलेला. पालखी महाद्वाराजवळ आली तसे लोक ओंजळी भरभरून गुलाल उधळू लागले. गुलालाचा लोट वर नगारखान्यात शिरला आणि ऐन चढ्या सुरात हैबतीला ठसका लागला. सनईचा सूर तुटला. हैबतीचे डोळे पांढरे झाले. त्याने सटवाजीकडे पाहिलं.

सटवाजीने त्याच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षीचं ते हसणं, ती नक्कल, सगळं क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. नुसते हात थांबवायचा अवकाश, आज हैबतीचं हसं झालं असतं.

हात थांबले नाहीत. सनईची ती चाल सटवाजीच्या छातीत मुरलेली होती. तीच त्याने टिपऱ्यांतून काढली. सूर जिथे चढायचा तिथे बोल चढले, जिथे सनई लांबवायची तिथे चौघडा घुमत राहिला. खाली लोकांना वाटलं, यंदा काहीतरी नवीनच बसवलंय! ते टाळ्यांचा ठेका धरून नाचायला लागले. भोयांची पावलं थबकली नाहीत. तेवढ्यात हैबतीने पाणी प्यायलं, दम घेतला आणि सटवाजीने मान हलवताच नेमका चालीत येऊन मिळाला. पालखी महाद्वारातून आत गेली.

खाली कोंडाबाई डोळे मिटून उभी होती. आता तिने ते उघडले आणि पदराने पुसले. हैबतीने सनई बाजूला ठेवून सटवाजीचे पाय धरले. लिंबाजी नुसता पूर्वीसारखा हसला.

कारभारी पायऱ्या चढून वर आले. म्हणाले, "सटवाजी, चौघडा असा बोलतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

"मलाही नव्हतं, धनी," सटवाजी म्हणाला. "दात पडले नसते तर कळलंही नसतं."

कारभारी म्हणाले, घर तुझंच, बायकोला पोत्यात बांधलेली भांडी सोडायला सांग. ते ऐकून सटवाजीने तोंडावरचा शेव सोडून खांद्यावर टाकला आणि खिंडार पडलेल्या तोंडाने साऱ्या गावादेखत मनमोकळा हसला.

तात्पर्य: जे हातचं गेलं ते मेण लावून टिकवण्यात जन्म घालवू नये. मान खाली घालून नवं शिकायला बसावं. आधी शिकलेलं वाया जात नाही, ते नव्या कामात उपयोगी पडतं.