पाट्याचा संशय

दगड बोलत असत त्या काळची गोष्ट. ठकूबाईच्या परसात एक पाटा होता. त्याचा जन्माचा सोबती वरवंटा एका सकाळी तिच्या हातून निसटला आणि पायरीवर आपटून दुभंगला. दुपारपर्यंत नवा वरवंटा आलासुद्धा.

"इतक्या घाईनं आला, म्हणजे टपूनच बसला असणार," पाटा मनाशी म्हणाला. नवा वरवंटा फिरू लागला की तो अंग चोरी. चटणी भरड राही आणि ठकूबाई दोघांनाही शिव्या घाली.

मग घरात नातवाचं बारसं आलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी वरवंट्याला कुंची घातली, बाळासारखं पाळण्याखालून-वरून फिरवलं. तो कुंकू लावून परतला.

"माझ्या चुगल्या करून आलास ना?" पाटा गुरकावला.

"चुगल्या कसल्या! मला तुझीच भीती वाटते," वरवंटा म्हणाला. "पाथरवटाच्या दारात भावंडांत पडलो होतो. कुणी न विचारता उचललं आणि थेट तुझ्यावर आणून ठेवलं. आधीचा फुटला, एवढंच कानावर आलं. खरं सांग, तूच फोडलास ना त्याला?"

 पाटा म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत पडला रे. हात असते तर झेलला असता."

दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं चटणी वाटायला घेतली. वरवंटा काठाशी आला की पाटा हळूच म्हणे, "सांभाळून."